खोडलेला कागद

कुणाचीही कविता हातात आली की ग्लेन आधी कागद उजेडात धरायचा. वाचायचा नंतर. "खाडाखोड कुठाय रे?" हा त्याचा पहिला प्रश्न असे.

विक्रोळीच्या कॉलेजात आम्ही चौघांनी 'बिनछत' हे अनियतकालिक काढलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात न बसणारं, यमक मोडणारं नवं लेखन छापायचं, एवढाच उद्देश. ग्लेन संपादक, मी मुद्रितं तपासायचो. दुसऱ्या अंकातल्या दोन कविता फोनमधल्या यंत्राने लिहिल्या होत्या, हे त्या पाठवणाऱ्यांनीच नंतर हसत सांगितलं. तेव्हापासून ग्लेनने नियम केला: कवितेसोबत हाताने लिहून खोडलेला कच्चा कागद हवाच. "माणूस चुकतो यार. चूकच नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय." अंधेरीच्या गावठाणातल्या घरी तो हे कागद फाइलीत लावून ठेवायचा. आईने दिलेली वाण्याची यादीसुद्धा हा उजेडात धरतो, असं आम्ही म्हणायचो.

माहुलची दर्शना पहिल्या वर्षाला होती. रिफायनरीच्या ज्वाळेवरची तिची कविता आमच्याकडे आलेली सर्वांत चांगली कविता होती. कागदावर एकही शब्द खोडलेला नव्हता.

"कच्चा कागद?" ग्लेनने विचारलं.

"नाही. आईबरोबर कोळंबी सोलताना डोक्यातच करते. हात ओले असतात ना."

"मग टाकलेल्या ओळी सांग."

"त्या कशाला लक्षात ठेवू? कोळंबीची सालं जपून ठेवतोस का तू?"

आम्ही हसलो. ग्लेनने कविता परत केली.

आठवड्याने तिने दुसरा कागद आणला. अकरा ठिकाणी खोडलेला. "झकास," ग्लेन म्हणाला, "आता कविता दिसते." मला संशय आला. सगळ्या रेघा एकाच दाबाच्या होत्या आणि खोडलेला प्रत्येक शब्द नीट वाचता येत होता. मी गप्प राहिलो. कविता छापली जायला हवी होती.

अंक आला त्या दिवशी कँटीनमध्ये दर्शनाने सांगून टाकलं. "खाडाखोड मी नंतर केली. तुला चुका हव्या होत्या, दिल्या."

"पण कविता तुझीच ना?"

"अजून विचारतोस?" ती उठून गेली. पुन्हा तिने आम्हाला काही दिलं नाही.

पुढचा अंक निघालाच नाही. नोकरीसाठी बंगळूरला जाताना ग्लेन फाइल माझ्याकडे देऊन गेला. तिच्यात शेवटी न निघालेल्या अंकासाठी कविता मागवणाऱ्या आवाहनाचं मुद्रित आहे. त्यातल्या कच्च्या कागदाच्या नियमावर त्याने एक आडवी रेघ मारली आहे. वर दुसरं काही लिहिलेलं नाही.

फाइलभर खाडाखोड आहे. त्यातली ही एक खरी, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.