लाटेले पाठ दाखवाची नाई

बसा, चहा घ्या. पण या टपरीत समोर जो फोटो लावला आहे ना, त्याच्याकडे पाहू नका एवढ्यात. नवा माणूस आला का पहिले त्या फोटोकडे पाहते, मंग माह्याकडे पाहते, अन् मंग त्याचा चहा नाकातून बाहेर येते. म्हणून म्हणलं आपणच सांगून टाकावं. दुसरा सांगन तं तिखटमीठ लावून सांगन. मी सांगितलं तं निदान तिखट तरी माह्या घरचं राहीन.

मी मारोती. चंद्रपूरकडच्या या जंगलात गाईड आहे. जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूले बसतो अन् पर्यटकायले वाघ दाखवतो. म्हणजे दिसला तं दाखवतो. नाई दिसला तं काय करतो, ते आता तुम्हाले सांगावं लागन, नाई तं माही फजिती कळाची नाई. धंद्याची गोष्ट आहे, गेटच्या बाहेर नेऊ नका.

वाघ नाई दिसला का पहिलं वाक्य, "काल इथीच होता साहेब. या झाडाखाली बसला होता." त्यानं लोकं जराशे खूष होतात. कायले होतात देव जाणे, काल तं ते इथी नव्हतेच. मंग थोडं समोर जाऊन एकदम हात वर कराचा, गाडी थांबवाची अन् हळूच म्हणाचं, "चुप. कॉल आहे." वाघ दिसला का हरणं, वांदरं ओरडतात, तो कॉल. खरा कॉल असतेच. पण कधी कधी वांदर नुसतं खोकलते. मी तरी गाडी थांबवतो. लोकायची आशा टिकते अन् फेरीचा टाइम निघते.

आता असा जन्म काढलेला माणूस, तो कोणावर विश्वास ठेवन का? गाईडवर तं नाईच नाई.

माही पोरगी पल्लवी नागपूरले नर्स आहे. पहिला पगार झाला अन् ती आम्हा दोघायले गोव्याले घेऊन गेली. मार्चात परीक्षा राह्यतात, पर्यटक कमी, मले सुट्टी भेटली. तिथी गेल्यावर म्हणते, "बाबा, उद्या सकाळी तुमच्यासाठी एक मास्तर लावला आहे. फक्त तुमच्यासाठी. फळीवर उभं राहून लाटेवरून येणं शिकवन. सर्फिंग म्हणतात त्याले."

"मले काऊन? माह्या वयाकडे पाह्यलं का?"

"मले तुमचा फोटो पाह्यजे."

"मंग इथी काढ, हा बसलो."

"तसा नाई. दुनियाभरच्या लोकायच्या घरी तुमचे फोटो आहेत बाबा, पण सगळ्यायत नुसतं टकलं दिसते. मांगून."

पोरगी खरं बोलली. वाघ समोर, त्याच्या अलीकडे गाईड, अन् पर्यटक मांगून फोटो काढते. माहं टकलं कोण्या कोण्या देशात भिंतीवर लटकून राह्यलं असन, पण तोंड कुठीच नाई. पल्लवी म्हणे, "तुम्ही ऐटीत उभे, समोरून, तोंड दिसलं पाह्यजे. वार्डात माह्या टेबलावर ठेवीन. सगळ्यायले सांगीन, हे माहे बाबा."

मले भरून आलं. हो म्हणलं.

सकाळी किनाऱ्यावर गेलो तं मास्तर उभा. पंचविशीतला पोरगा, केस उन्हानं तांबडे झालेले. वेंगुर्ल्याकडचा होता, मराठी बोलत होता.

"नमस्कार काका. मी सागर."

झाली माह्या मनात खटखट सुरू. समुद्रावरच्या मास्तरचं नाव सागर कसं असन? आमच्या गेटवर एक गाईड आहे, खरं नाव देवाजी, अन् पर्यटकायले सांगते 'शेरू'. मी याले म्हणलं, "आधार कार्डावर काय आहे?" पल्लवीनं माह्याकडे असं पाह्यलं का मी चुप बसलो.

पल्लवीची आई आलापल्लीची. तिचे वडील लाकडाच्या डेपोत होते, म्हणून तिले फळी दिसली का ठोकून पाहाची सवय. तिनं त्या पोराची फळी ठोकली अन् माह्या कानात म्हणे, "सागवान नाई हो. लाकूडच नाई. नुसता फोम आहे. पाहा बापा, मले काई बराबर वाटत नाई." नवराबायकोचं एकमत क्वचितच होते आमचं, पण त्या दिवशी झालं.

पहिले त्यानं मले रेतीवर पालथं झोपवलं. म्हणे, इथं उठायचा सराव करू. मी म्हणलं, पाण्यातलं काम पाण्यात शिकव, रेतीत कायले टाइम काढून राह्यला? तो हसला. मंग माह्या पायाले दोरी बांधली, तिचं दुसरं टोक फळीले. आता वाघाच्या मुलखातला माणूस मी. पायाले दोरी कोणाच्या बांधतात? पूर्वी शिकारीवाले बकरी बांधत, तिच्या.

"फळी लांब जाऊ नये म्हणून काका," सागर म्हणे.

"बकरीलेही असंच सांगत असन."

कमरेएवढ्या पाण्यात गेलो. समुद्र एकदम तळ्यासारखा. मी विचारलं, "लाटा कुठी आहेत?"

तं तो काय म्हणते, "काल काय मस्त लाटा होत्या काका. इथंच."

माह्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा तं माहाच भाऊ! मी तिथीच त्याच्या खांद्यावर हात टाकला. म्हणलं, "समजलं. काल होत्या ना? आज नाई. उद्या येतीन."

"नाही हो, आत्ता येतील, थोडं थांबा." अन् त्यानं एकदम हात वर केला, दूर पाण्याकडे पाह्यलं अन् म्हणे, "गप्प राहा. येतेय."

हात वर! गप्प राहा! हुबेहूब! मले असं हसू आलं. मी त्याले डोळा मारला. म्हणलं, "बेटा, मी गाईड आहे. हे वांदराच्या खोकल्यावर मी रोज करतो." अन् त्याले सगळं सांगितलं. कालचा वाघ, खोटा कॉल, सगळं. एका धंद्यातला माणूस भेटला म्हणून मन मोकळं केलं. तो म्हणत होता, "काका, खरंच येतेय, तिकडं बघा," अन् मी दुसरा डोळा मारून राह्यलो होतो.

तेवढ्यात ती आली.

मी पाण्याखाली दोन कोलांट्या खाल्ल्या. नाकातोंडात मीठ. वर आलो तेव्हा चड्डीत एवढी रेती का घमेलं भरलं असतं. किनाऱ्यावरून पल्लवीची आई ओरडून राह्यली, "त्यानं ढकललं काय हो?" मी म्हणलं, "पाह्यलं नाई, पण ढकललंच असन."

आता खरी पंचाईत. सागरनं मले फळीवर पालथं झोपवलं, तोंड किनाऱ्याकडे, अन् म्हणे, "लाट मागून येईल. तुम्ही मागे बघायचं नाही. फक्त किनाऱ्याकडं, ताईंच्या मोबाईलकडं बघा. मी सांगितलं की उठा."

मांगून येईन अन् पाहाचं नाई? हे कोणाले सांगतो? आमच्याकडे बाया मोहफुलं वेचाले जातात तं मीच त्यायले सांगतो, बाई, जंगलाकडे पाठ करून वाकू नको. वाघ मांगूनच येते. समोर आला तं पळू नको, त्याच्याकडे पाहत हळूहळू मांगं सरक. जन्मभर हे सांगत आलेला माणूस मी, अन् हा कालचा पोरगा म्हणते समुद्राले पाठ दाखव.

मी मान वळवली. फळी पलटली. पुन्हा झोपलो. पुन्हा मान वळवली, पुन्हा पलटली. किती वेळा, ते विचारू नका. पल्लवी मोबाईल धरून उभी, अन् फोटोत नुसते माहे तळपाय. एकदा तं म्हणे एक तळपाय अन् एक चप्पल, पण ती चप्पल माही नव्हती.

तिकडे दूर एक विदेशी पोरगी मस्त लाटांवरून सरसर येऊन राह्यली होती. माहा संशय अजून पक्का झाला. आमच्याकडे जंगलाचा आतला भाग असते, वाघाचा, अन् बाहेरचा असते, मोर अन् रानडुकराचा. कोणाले कुठी न्यायचं, मले माहीत आहे ना.

"मले बाहेरच्या भागात ठेवून राह्यला तू," मी म्हणलं. "मले तिथी ने, तिच्याजवळ."

"काका, तिथं नवशिके जात नाहीत."

"हेच मीही सांगतो पर्यटकायले."

त्यानं हात जोडले. खरंच जोडले, पाण्यात उभ्यानं. "काका, शेवटची पाच-दहा मिनिटं उरलीत. ताई बिचारी उन्हात उभी आहे तुमच्या फोटोसाठी. एकदाच माझ्यावर विश्वास ठेवा. एकदाच. मी फळी धरून आहे."

मी किनाऱ्याकडे पाह्यलं. पल्लवीनं ओढणी डोक्यावर घेतली होती अन् मोबाईल अजून तसाच धरून होती. मले स्वतःची लाज वाटली. पोरीनं आयुष्यातली पहिली कमाई माह्यावर लावली, अन् बाप आधार कार्ड विचारून राह्यला. म्हणलं, जाऊ दे मारोती, खाऊ दे वाघानं खाल्लं तं.

पालथा झोपलो. पोरीकडे पाह्यलं. मांगून सागर ओरडला, "उठा!" अन् मी उठलो.

अहो, उभा राह्यलो. खरंच उभा राह्यलो. फळी सरकून राह्यली, पाणी सळसळ करून राह्यलं, किनारा जवळ येऊन राह्यला. पल्लवी नाचून राह्यली. तिची आई तोंडाले पदर लावून पाहून राह्यली. असं सुख मले पहिला वाघ पाह्यला तेव्हा झालं होतं.

अन् तेवढ्यात मनात आलं, हा म्हणते मी फळी धरून आहे. धरून असन का?

मी मांगं वळलो. नुसती मान नाई, पुरा वळलो, पायासकट. पाहतो तं सागर दूर पाण्यात उभा, दोन्ही हात हवेत, टाळ्या वाजवून राह्यला. अन् मी लाटेकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, जसं वाघापासून सरकतात तसा, मांगं मांगं किनाऱ्याकडे. पडलो नाई. रेतीपर्यंत आलो, उलटा. पल्लवीनं तेवढ्यात फोटो काढला.

फोटो एकदम झकास आला. समुद्र, ऊन, पांढरी लाट, अन् मधात माहं टकलं. मांगून.

पल्लवी म्हणे, "छान आला बाबा," एवढंच. ती असं बोलली का मले समजते. रागावली असती तं बरं झालं असतं.

निघताना मी सागरले म्हणलं, "बेटा, माही चूक झाली. तू खरा माणूस आहेस. आमच्या जंगलात ये, मी तुले खरा वाघ दाखवतो."

आता कोणी बोलवलं म्हणून कोणी एवढ्या दूर येते का? हा आला. मे महिन्यात, गळ्यात मोठा कॅमेरा घालून. मी त्याले दुपारच्या फेरीत घेतलं. गाडीवर आमचे हमीदभाई. सागर मांगं बसला, अन् काय सांगू, मी सांगन तसा वागला. बोलला नाई, हलला नाई. असा पर्यटक मले भेटला नाई कधी.

पण वाघ काई दिसेना. पाणवठे पाह्यले, नाले पाह्यले. परत निघाची वेळ होत आली, अन् तेव्हा खरा कॉल आला. चितळ ओरडलं, एकदम जवळून. हमीदभाईनं गाडी थांबवली. मी हात वर केला. म्हणलं, "चुप. कॉल आहे."

सागरनं मले डोळा मारला.

मी म्हणलं, "अरे, खरा आहे."

"हो काका. वांदर खोकलं असेल."

मी सीटवर उलटा फिरलो, गुडघ्यावर उभा राह्यलो, त्याच्याकडे तोंड करून. गळ्याले चिमटा धरला अन् म्हणलं, "गळ्याची शपथ बेटा, पोरीची शपथ, हा खोटा नाई. तुले मी खोटं कायले सांगू?"

तं सागरचे डोळे मोठे झाले. कॅमेरा वर आला. हळूच म्हणे, "काका, मागे बघा."

आता मी काय काल जन्मलो? समुद्रात मीच याले धंदा शिकवला होता. म्हणलं, हा हिशेब चुकता करून राह्यला. हमीदभाई माही बाही ओढून राह्यले, मी त्यायचा हात झटकला. म्हणलं, "तुम्हीही मिळाले काय याले? मी नाई पाहणार." अन् शपथ खातच राह्यलो.

कॅमेरा कटकट कटकट वाजून बंद झाला. मंग हमीदभाई एकदम शांत आवाजात म्हणे, "मारोती, वो गया."

आता पाहा तो फोटो. पाह्यला? मधात मी, गळ्याले चिमटा, तोंड उघडं, डोळे बाहेर. अन् माह्या पाठीमांगं, रस्ता ओलांडून राह्यला, शेपटीपासून मिशीपर्यंत पुरा वाघ. जाता जाता माह्याकडे पाहून राह्यला, पाहा नीट.

सागरनं तो पल्लवीले पाठवला. तिचा लगेच फोन, हसून हसून बोलता येईना. "बाबा, तोंड एकदम साफ आलं." ठेवला तिनं टेबलावर. वार्डातले लोकं विचारतात म्हणे, वाघ पाहून बाबाले कसं वाटलं?

एक कॉपी हमीदभाईनं इथी लावली. तवापासून माहा धंदा बसला. "काल इथीच होता साहेब," असं म्हणलं का टपरीवर चहा पिऊन आलेला माणूस लगेच विचारते, "तुम्ही पाहिला का?"

अन् मले खरं सांगावं लागते. "नाई साहेब. माही पाठ होती तिकडे."