बर्फाखालचा मासा

विज्ञानाच्या बाईंच्या स्कूटरमागे म्हसळ्याच्या बाजारात पाण्याची रेघ उमटली, की सगळ्यांना कळायचं, आज शाळेत बर्फाचा धडा आहे. मासळी बंदरावरून बाई बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायच्या. ‘‘फळ्यावर काढलेला बर्फ गार लागत नाही,’’ म्हणायच्या.

टेबलावर दोन ग्लास. एकात खोबरेल, दुसऱ्यात पाणी. खोबरेलात थिजलेल्या खोबरेलाचा गोळा टाकला, तो तळाला गेला. पाण्यातला बर्फ मात्र तरंगला. ‘‘पाणी हट्टी आहे गो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चार अंशांवर ते सगळ्यात जड. म्हणून थंड मुलखातलं तळं वरून गोठतं, आणि खाली पाणी पाणीच राहतं. वरचा बर्फ पांघरुणासारखा थंडी अडवतो.’’

बंदरावरच्या फातिमानं विचारलं, ‘‘म्हंजे खालचं मासं मरत न्हाईत?’’

‘‘नाहीत. हळू पोहतात, कमी खातात, दिवस काढतात.’’

‘‘तुमी बगितलंय?’’

बाई हसल्या. ‘‘मी मुंबईपलीकडे गेलेय कुठे?’’

बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. एकदा हिमालयाच्या सहलीची बॅग भरून तयार होती, नेमका आईला ताप भरला. बाईंनी बॅग रिकामी केली. ‘‘बर्फ कुठे पळून जातोय?’’ एवढंच म्हणाल्या. आई गेली तोवर बाईंचे गुडघे गेले होते.

त्याच वर्गात बसणारी मी लग्नानंतर कॅनडात आले. गेल्या हिवाळ्यात कळलं, बाईंना कॅन्सर आहे, आता उपचार थांबवलेत. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी घराजवळच्या गोठलेल्या तळ्यावर गेले. एक म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता. त्याला विचारून मी बाईंच्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागण झाली होती.

‘‘अंगठा बाजूला घे गो, दिसत नाही,’’ उशीवरून बाईंचा आवाज आला. बराच वेळ काळं पाणी नुसतं हलत राहिलं. मग दोरी ताणली आणि वीतभर मासा तडफडत वर आला.

‘‘जिता हाय गो!’’ कायम शुद्ध बोलणाऱ्या बाई ओरडल्या. मग हळूच, ‘‘सोडायला सांग त्याला.’’

मी म्हाताऱ्याला सांगितलं, कोण बघतंय ते. त्यानं फोनकडे पाहून टोपी काढली आणि मासा पाण्यात सोडला.

महिन्याभरात बाई गेल्या. भाची सांगत होती, शेवटी शेवटी भेटायला येईल त्याला त्या उशाशी बसवून मासा सांगायच्या, आणि दर वेळी तो थोडा मोठा व्हायचा. शेवटच्या दिवशी तर दोन्ही हात पसरूनही तो मावत नव्हता.