ठकी बदक सोडेना

किस्से कुत्र्याच्या केसांसारखे असतात. कोट कितीही झटका, एखादा चिकटलेला निघतोच! मी दरबारच्या शिकारखान्यात नऊ वर्षं कारकुनी केली, आणि अजूनही कुणाकडे चहाला गेलो की कोणीतरी म्हणतंच, "जोशीबाबू, वो कुत्तेवाला सुनाओ ना!" मी एक सांगायला बसतो आणि चहा गार होईस्तोवर पाच होतात. आमच्या घरात यावर बोलणी खातो, पण सवय काही जात नाही.

आधी एवढं सांगतो. ग्वाल्हेरला दरबार होता तेव्हा शिकारखान्याच्या मागच्या अंगाला कुत्तेखाना होता. त्यात रिट्रीव्हर जातीचे कुत्रे. यांचं काम धावून शिकार मारण्याचं नव्हे. साहेबलोकांनी बंदुकीनं पाडलेलं पाखरू पाण्यातून, गवतातून शोधायचं आणि न चावता आणून हातात द्यायचं, एवढंच. त्यांना शिकवायचे रघुजी जमादार. वय पन्नाशीच्या पुढचं, मिशा पांढऱ्या, पाठ मात्र काठीसारखी ताठ. त्यांचे आजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आलेले, वडील पागेत, आणि हे कुत्र्यांत. "आम्ही पिढी दर पिढी उतरत चाललोय, बाबू," असं ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे.

आणि ठकी. काळी कुळकुळीत कुत्री. कागदावर तिचं विलायती नाव दीड ओळीचं होतं. रघुजींनी ते एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "हिला हाक मारेपर्यंत बदक उडून जाईल!" तेव्हापासून ती ठकी.

*

मी रुजू झालो त्या दिवशीची गोष्ट. मला कुत्र्यांची भीती, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.

टेबलाशी बसतो न बसतो तोच ठकी आत आली. तोंडात अंडं! माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागे रघुजी. म्हणाले, "घ्या बाबू. तोंड मऊ आहे की नाही, ते असंच तपासतात. अंडं फुटलं नाही पाहिजे."

आता मी ब्राह्मणाचा मुलगा. आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. त्यात समोर कुत्री. मी डोळे मिटून हात पुढे केला. रघुजी अदबीनं वाकले, "दे" म्हणाले, आणि ठकीनं ते अंडं माझ्या तळहातावर इतक्या हलकेच ठेवलं की मला कळलंच नाही. म्हणून मी मूठ मिटली!

पिवळं सगळं हजेरीपटावर.

रघुजींनी फुटलेल्या टरफलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कुत्री पास झाली. तुम्हाला थोडं शिकवावं लागेल."

घरी आईनं दारातच थांबवून डोक्यावर दोन घागरी ओतल्या. दुसऱ्या दिवशी परत अंडं! महिनाभरात मात्र मी पास झालो.

*

रिट्रीव्हरचा दुसरा धडा म्हणजे बार उडाला की आहे तिथे बसायचं. धावायचं नाही. वर बघायचं, पाखरू कुठे पडतंय ते ध्यानात ठेवायचं आणि हुकुमाची वाट बघायची. ठकी यात एकदम पक्की होती.

एकदा मी आणि रघुजी तिला घेऊन नई सडकेवरून निघालो होतो. समोरून वरात. घोडा, बँड, वऱ्हाडी, सगळा थाट. कुणीतरी फटाका लावला. धडाम!

ठकी सडकेच्या मधोमध बसली. नाक वर, डोळे आभाळात.

बँड थांबला. मागे टांग्यांची रांग लागली. एक वऱ्हाडी ओरडला, "अरे भाई, कुतिया हटाओ!" रघुजी म्हणाले, "ऐसे कैसे हटेगी? अभी कुछ गिरा ही नहीं!"

त्यांनी एक हुकूम दिला असता तर ती तेव्हाच उठली असती. पण हुकूम म्हणजे "जा, आण". काही पडलेलंच नसताना तिला "आण" म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि कुत्र्याशी खोटं बोलायचं नाही हा रघुजींचा नेम! माणसांचं त्यांना इतकं नव्हतं. शेवटी नवरदेवालाच दया आली. त्यानं फेट्यावरचा फुलांचा झेला काढून बाजूला फेकला. रघुजी म्हणाले, "हं, आता ठीक." ठकी गेली, झेला उचलला, एक पाकळी न गळता घेऊन आली. रघुजींनी लवून तो घेतला आणि नवरदेवाच्या हाती दिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरीचा बाप म्हणाला, "शगुन हो गया!" आम्हाला लाडू मिळाले. ठकीलाही एक मिळाला, तो तिनं दिल्यावर खाल्ला, स्वतःहून मागितला नाही.

*

ग्वाल्हेरच्या दरवर्षीच्या मेळ्यात कुत्र्यांचं प्रदर्शन व्हायचं. बाहेरगावचा एक परीक्षक आला होता, गोरा, छडी घेतलेला. त्यानं ठकीचे दात पाहिले, खांदे पाहिले, पाय पाहिले आणि दुसरा नंबर दिला. का, तर शेपूट जातीच्या मानानं अर्धा इंच लांब!

मी रघुजींना ते समजावून सांगितलं. ते परीक्षकापुढे गेले, नीट मुजरा केला आणि मला म्हणाले, "साहेबांना इंग्रजीत सांगा, की बदक तोंडानं आणतात."

मी सांगितलं नाही. मला नोकरी टिकवायची होती. पुढे वर्षभर रघुजी मला अधूनमधून विचारायचे, "सांगितलं होतं ना बाबू?" आणि मी हो म्हणायचो.

*

मग विलीनीकरण आलं. संस्थानाचं राज्य गेलं, नवं राज्य झालं, आणि याद्या सुरू झाल्या. काय दरबारचं खासगी, काय नव्या सरकारचं, त्याचे दोन रकाने. बंदुका एका रकान्यात गेल्या, तंबू दुसऱ्यात. कुत्रे मात्र कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत. मी घाईत त्यांना "इतर सामान" खाली लिहून मोकळा झालो: "काळे, अकरा नग".

इंदूरकडून नवे साहेब आले होते. बारीक अंगाचे, खादीचा कोट, जाड चष्मा. मितभाषी माणूस. त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"हे अकरा नग कसले?"

तेवढ्यात मागून सगळे नग एकदम भुंकले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नग चांगल्या स्थितीत दिसतात." ते हसले की नाही, ते आम्हाला कधी ठरवता आलं नाही.

त्या याद्यांवर इतकी खाडाखोड झाली होती, लोक रोज येऊन "हे आमचं, ते तुमचं" करत होते, की साहेबांनी एक कायदाच केला. "शाई ओली आहे तोवर काय ते सुधारून घ्या. वाळलेलं अक्षर खोडलेलं मला चालणार नाही." आणि ते अगदी काटेकोर पाळायचे. स्वतःची चूक असली तरी वाळलेल्या अक्षराला हात लावत नसत. मला हा माणूस तेव्हापासून आवडायला लागला, कारण खाडाखोड मलाही खपत नाही.

*

याच सुमारास फर्मान निघालं की कचेऱ्यांतून मुजरे बंद. आता सगळे सारखे, नमस्कार करा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी कंबर तशीही दुखायची.

रघुजींनी हुकूम मानला. साहेबांना हात जोडले. पाठ अर्धी वाकली, तिथे आवरली, हात कपाळाकडे निघाले होते ते छातीशी आणले. बघणाऱ्याला वाटावं माणसाला उचकी लागली!

पण खरी गंमत दुपारी झाली. सरावाला आम्ही कापडाच्या गुंडाळीला पिसं बांधून ती फेकायचो. ठकीनं ती आणली. रघुजी ताठ उभे राहून म्हणाले, "दे."

ठकी देईना. शेपूट हलवते, डोळ्यांत डोळे घालून बघते, पण तोंड घट्ट. "दे, ठकी. दे ग!" काही नाही. ओढून घ्यायचं नसतं, ओढलं की कुत्रं चावायला शिकतं. पाव तास असा गेला. मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"रघुजी, वाकून बघा."

ते वाकले. ठकीनं गुंडाळी लगेच हातात दिली.

शिकारीवर पाखरू घ्यायच्या आधी ते शिकार करणाऱ्याला मुजरा करत, मग "दे" म्हणत. तीस वर्षं. सरावातही तीच सवय. कुत्र्यांनी "दे" या शब्दाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. कंबर वाकली की सोडायचं, एवढंच ती शिकली होती. रघुजी मटकन खाली बसले. म्हणाले, "बाबू, मला वाटत होतं मी यांना शिकवतोय." बराच वेळ ते ठकीच्या कानांमागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "आता या वयात तिला दुसरं काही शिकवत नाही मी. हे कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही.

*

कुत्रे एकेक करून जायला लागले. जे कामाचे ते सरकारजमा, पडावच्या स्टेशनवरून गाडीनं इंदूरला. जे निरुपयोगी ठरतील ते, जो सांभाळेल त्याला द्यायचे. दर गाडीला रघुजी स्टेशनवर जायचे, नव्या माणसाला खाण्यापिण्याचं सगळं समजावून सांगायचे आणि चालत परत यायचे. दहा गेले. ठकी उरली.

रघुजींची बायको दोन वर्षांमागे गेली होती, मुलगा परगावी गिरणीत. दाल बाजाराच्या मागे दोन खोल्या, आणि पेन्शनीत निघाले की तिथे ते एकटे. मी म्हटलं, "अर्ज करा. मी लिहून देतो. ठकी मला द्या म्हणावं."

"मागायचं कसं, बाबू? ती माझी कुठे आहे? आणि ती निरुपयोगी आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

मी काढलेला कागद घडी घालून परत ठेवला. घरी आलो तर जेवण गेलं नाही.

*

ठकीची परीक्षा शहराबाहेरच्या तळ्यावर झाली. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, पाण्यावर अजून धुकं. साहेब, बंदूक चालवायला एक शिपाई, रघुजी, आणि यादी, दौत, टाक घेऊन मी, एका दगडावर.

बार उडाला. ठकी बसली. बदक लांब, लव्हाळ्यापलीकडे पडलं. रघुजींनी हात दाखवला आणि ती गेली. अहो, काय पोहत होती! साहेबसुद्धा टाचा उंचावून बघत होते. ठकी बदक घेऊन बाहेर आली, निथळत, रघुजींच्या दिशेनं.

"माझ्याकडे पाठवा," साहेब म्हणाले. "तुम्ही थोडेच इंदूरला येणार? परक्या माणसाला देते का ते बघू."

रघुजींनी बोट दाखवलं. ठकी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "दे."

ठकी देईना.

साहेबांनी हात पुढे केला. चुचकारलं. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, इंग्रजीतही सांगितलं. ताठ उभे राहून! साहेब तीन भाषांत थकले, आणि ठकी थंडीनं कुडकुडत त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. तोंडात बदक, एक पीस मोडलेलं नाही.

"जमादार, ही देत का नाही?"

रघुजींचे ओठ हलले. त्यांना खरं सांगायचं होतं, मला दिसत होतं. मग त्यांनी ठकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हट्टी आहे, साहेब."

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून मी कुत्र्याविषयी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "आणलेलं देत नसेल तर काय उपयोग? लिहा जोशीबाबू. निरुपयोगी. जमादार सांभाळणार असतील तर त्यांना द्यावी."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

आणि रघुजींना राहवलं नाही. डोळे भरून आले, फर्मान विसरले, साहेब नवे आहेत हे विसरले. दोन पावलं पुढे आले आणि कंबरेत पार वाकून त्यांनी साहेबांना मुजरा केला.

ठकीनं वळून बघितलं. शेपूट हलवत गेली आणि बदक त्यांच्या हातात ठेवलं.

रघुजी तसेच वाकलेले, हातात बदक. वर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. साहेबांनी ठकीकडे पाहिलं, रघुजींच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळले.

"जोशीबाबू, शाई वाळली का?"

धुक्यात कसली वाळते! अक्षरं अजून चमकत होती. मी यादीवर तळहात आडवा धरला.

"वाळली, साहेब."

"मग आता काही करता येणार नाही," साहेब म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले.