पट्ट्यात हात जाईना

सोसायटीचं काम बघणाऱ्या, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेले ती पाण्याच्या मोटारीची तक्रार घेऊन, आणि तक्रार न करताच परत आले. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत राहायला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. दार उघडलं आणि समोर भिंतभर तलवारी! सरळ पात्याची धोप, वाकडी समशेर, कट्यारी आणि विंचवाच्या नांगीसारखा वळलेला बिचवा.

"सगळ्या नकला आहेत," डॉक्टर हसून म्हणाले. "एकीलाही धार नाही. पण वजन, लांबी, मूठ, सगळं जुन्या शस्त्राच्या मापात. धरून बघा."

मी धोप उचलली आणि तिच्या वजनानं मनगट खाली गेलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी मी, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मोटारीचा अर्ज धरून उभी होते. तोंडातून निघालं, "माझा भाऊ साताऱ्याकडं हेच बनवतो."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

दादा फौजेत बंदुका दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ऊस बघेल नाहीतर कुठंतरी सिक्युरिटीत लागेल. त्यानं उसाच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि भट्टी पेटवली. आधी नवरदेवांच्या हातात द्यायच्या कट्यारी केल्या, मग हौशी लोकांसाठी तलवारी. धार तो कुणालाच लावून देत नाही. "शोभेची म्हणून मागितली, शोभेचीच मिळंल," एवढंच सांगतो.

डॉक्टरांना हवा होता दांडपट्टा. लांब, लवलवतं पातं आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. बाजारातले पट्टे मिरवणुकीपुरते पत्र्याचे असतात, ते त्यांना नको होते. जत तालुक्यात त्यांच्या एका जुन्या पेशंटच्या घरी खराखुरा पट्टा होता. डॉक्टर हाडांचे, त्या माणसाचा मोडलेला पाय त्यांनीच बसवलेला. त्याच्याशी फोनवर बोलून त्यांनी माप घ्यायची परवानगी काढली आणि दादाला घेऊन आम्ही तिघं एका सकाळी निघालो.

घर माळावर होतं. अंगणात मेंढरं, पलीकडं डाळिंबाची कोवळी झाडं. घरमालक अण्णा पासष्टीचे, अंगानं बारके. त्यांनी देवघरातून पट्टा आणला, घोंगडीवर ठेवला आणि आधी स्वतः हात जोडले.

"मापं घ्या की, कोन न्हाई म्हनतंय? पन आत हात घालू नगा. देवाचा हाय."

"न्हाई घालत, अण्णा," दादा म्हणाला.

त्यानं पुठ्ठे कापून खोबळ्याची गोलाई उतरवली. आतली पकड किती लांब आहे ते बांबूची कामटी सरकवून पाहिलं. पात्याची जाडी तो ठिकठिकाणी मोजत होता आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारायच्या आधी तो असाच दिसायचा. डॉक्टर त्याच्या खांद्यावरून एवढे वाकले होते की दादानं शेवटी त्यांना बाजूला बसवलं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. घरातली सगळी माणसं घागरी घेऊन पळाली, मीही एक कळशी उचलली. परत आले तरी दादा जागचा हलला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा पातं तयार होत होतं. पहिलं पातं तेलात बुडवताना पिळवटलं होतं, ते शेडच्या कोपऱ्यात पडलेलं. दुसरं माझ्यासमोर भट्टीतून निघालं, केशरी, लांबच लांब. तेलातून धुराचा लोट उठला आणि आम्ही दोघं खोकत बाहेर पळालो. मग ते पुन्हा हलकं तापवून, घासून झाल्यावर दादानं टोक भिंतीला टेकवलं आणि जोर दिला. पातं धनुष्यासारखं वाकलं. मी डोळे मिटून घेतले. त्यानं सोडलं, तसं ते सप्पकन सरळ झालं आणि कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं.

"ऐकलंस?" दादा ओरडला. "ऐकलंस का गं?"

वहिनी घरातून धावत आली. तिला वाटलं कुणाला तरी लागलं.

मी सांगलीला परतल्यावर त्यानं खोबळा ठोकून घडवला, पात्याला रिव्हेट मारून जोडला आणि वरून पितळी फुलं बसवली. आपण केलेल्या पट्ट्यात पहिला हात गिऱ्हाइकाचाच जायला हवा, असा त्याचा हट्ट. त्यामुळं कुणीच आत हात घालून बघितलं नाही.

डॉक्टर आणि मी पट्टा आणायला गेलो. वाटेत आष्ट्याला चहाला थांबू म्हटलं तर डॉक्टर थांबू देईनात. शेडमध्ये दादानं पांढरं कापड बाजूला केलं आणि डॉक्टर नुसतेच "वा, वा" करत राहिले. मग बाही वर सारून त्यांनी हात आत घातला. हात बोटांच्या मुळाशी येऊन अडकला. त्यांनी हात फिरवून पाहिला, अंगठा आत घेतला. जाईना.

दादाचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःचा हात घातला, तो तर त्याहून अलीकडंच अडला. पुठ्ठे काढले, कामटी काढली, सगळं पुन्हा मोजलं.

"माप चुकलेलं न्हाई," तो म्हणाला. "सुताचाबी फरक न्हाई. मग हात का जाईना?"

इतक्या महिन्यांची मेहनत समोर पडलेली. चहा घेऊन आलेल्या वहिनीनं आमच्याकडं एकदा बघितलं आणि ट्रे ऐरणीवर ठेवला.

"वन्सं, तुमी घाला बघू."

"मी?"

"घाला की वो! बांगड्या काढा आन घाला."

मी बांगड्या काढून तिच्या हातात दिल्या. हात आत सरकवला. थंडगार लोखंड मनगटावरून कोपरापर्यंत चढत गेलं आणि बोटांना पकड सापडली. मूठ आपोआप मिटली. घट्ट नाही, सैल नाही. अंगावर काटा आला माझ्या.

"गेला!" वहिनी टाळ्या पिटायला लागली. "गेला हात!"

सगळे शेडबाहेर पळाले आणि मी अंगणात. हात उचलला तर पातं आपसूक डोलायला लागलं. मी भीत भीत फिरवलं.

"मनगटातनं न्हाई, खांद्यातनं!" दादा लांबून ओरडत होता. "मनगट वळतच न्हाई त्यात. खांद्यातनं फिरीव!"

खांद्यातून फिरवलं आणि हवा फाटल्यासारखा आवाज झाला. पुन्हा फिरवलं. पातं माझ्यापुढं जात होतं आणि मीच त्याच्यामागून ओढली जात होते. ओढणी कधी गळून पडली कळलं नाही. मी हसत होते, मोठमोठ्यानं, आणि थांबता येत नव्हतं.

थांबले आणि हात बाहेर काढला तेव्हा डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि पेशंटचा तपासावा तसा बोटांची हाडं चाचपली. "ज्याचा तो पट्टा असेल, त्याचा पंजा तुमच्याएवढा होता," ते म्हणाले. मग त्यांनी खोबळ्यावर हात ठेवला. "म्हणजे आपण फक्त पट्टा नाही, त्याच्या हाताचंही माप घेऊन आलो!"

"त्याचाच कशावरनं?" वहिनी म्हणाली. "तिचा नसंल कशावरनं?"

दादानं तिथूनच अण्णांना फोन लावला. स्पीकर लावून सगळं सांगितलं. मागून त्यांची बायको कानडीत काहीतरी म्हणाली आणि हसली.

"ती म्हनतीया, आमच्या घरान्यात समदी बारकीच," अण्णा म्हणाले. "पट्टा कुनी फिरवला ते आमाला ठावं न्हाई. पन मर्दानी मानूस हुता येवढं खरं. नाव न्हाई ऱ्हायलं, पट्टा ऱ्हायला."

दादा खोबळा मोकळा करून द्यायला तयार होता. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. त्यांच्या भिंतीवर तो पट्टा आता धोपेच्या वर आहे, आणि पाहुणे आले की ते त्यांना आत हात घालायला सांगतात आणि हात अडकला की लहान पोरासारखे खूश होतात.

त्याच मापाचा दुसरा पट्टा दादानं माझ्यासाठी केला. मी मर्दानी खेळाच्या वर्गात नाव घातलं. माझ्याबरोबर शिकायला माझ्याच कॉलेजातल्या मुली आहेत आणि त्या माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत. पहिल्या दिवशी मी पट्टा घेऊन ऐटीत गेले, तर शिकवणाऱ्या बाईंनी तो काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्या हातात साधी लाठी दिली.

"आधी पाय शिकू देत," त्या म्हणाल्या.

सध्या पायच शिकतेय. पोटऱ्या इतक्या दुखतात की वर्गात फळ्यावर लिहिताना मी टेबलाला टेकून उभी असते. पण उद्या वर्ग आहे, आणि बाई म्हणाल्यात, उद्या पट्टा आणा.