आपांची ओसरी

ऐन मे महिन्यात औरंगपुऱ्याहून रिक्षानं येताना आपांच्या खांद्यावर लोकरीचं स्वेटर असे. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या थंड खोलीत त्यांचा अर्धा दिवस जाई. रिक्षावाला विचारी, "आपा, काश्मीरला चाल्लात का?" त्या म्हणत, "वहींच. चलता क्या?"

आपा माशांच्या त्वचेचे तुकडे थंडीत जिवंत ठेवत. भाजलेल्या माणसासाठी दान मिळालेली त्वचा पुढं कधी अशी जास्त दिवस टिकेल का, हे त्यांना शोधायचं होतं. मुलांना सांगत, "हिवाळ्यात तूप थिजतं, करडईचं तेल थिजत नाही. थंडी लागली की माशाची पेशी आपल्या आवरणातलं तूप कमी करते, तेल वाढवते. पण तिला सबर लागतो. एकदम गारठ्यात टाकली तर मरेल नाय तर काय."

म्हणून तुकडे आधी काही दिवस खोलीतल्या तीन फ्रिजपैकी मधल्यात थांबत, मगच शेवटच्या, सर्वांत थंड फ्रिजमध्ये जात. मधल्याला त्या ओसरी म्हणत. मी त्यांच्याच विभागात शिकवायचो; मला विचारत, "पाहुणा दारातून थेट माजघरात शिरतो का, कुलकर्णीभाऊ? तुमच्यात शिरत असेल." असे थांबवलेले जिवंत तुकडे मी स्वतः पाहिले होते.

एका वर्षी पाडवा आणि ईद लागोपाठ आले. नंतर लगेच तपासणीला बाहेरची मंडळी येणार होती आणि आपांचं काम चालू ठेवायचं की नाही, ते ठरवणार होती. आपा नवे तुकडे माझ्यावर सोपवून फर्दापूरला भावाकडे गेल्या. पाडव्याला विभागात श्रीखंड करायची आमची रीत. पातेलं फक्त मधल्या फ्रिजमध्ये मावत होतं. मी तुकडे काढून सरळ शेवटच्या फ्रिजमध्ये ठेवले. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं.

तपासणीत तुकड्यांवर निळा रंग घातला. मेलेली पेशी तो शोषून घेते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळं दिसलं.

आपांनी मला विचारलं, "भाऊ, ओसरीवर थांबले होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग माझीच समज चुकली," त्यांनी त्या मंडळींना सांगितलं.

काम बंद झालं. तिन्ही फ्रिज माझ्या खोलीत आले. आपा निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक शिकवत राहिल्या. चहाला मला हाक मारत, पूर्वीसारखीच. ती हाक ऐकली की मला फाईल शोधायचं निमित्त लागे.

गेल्या महिन्यात आपा गेल्या. शोकसभेत एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "स्वतःची चूक इतक्या सरळपणे कबूल करणारी माणसं आता राहिली नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नंतर फर्दापूरला जाऊन त्यांच्या भावाला सगळं सांगितलं. त्यांनी चहा पुढं केला. म्हणाले, "मला कायको सांगता, साहेब? ज्यांच्यासमोर ती ‘मी चुकले’ म्हणाली, त्यांना सांगा."

त्यांतले जे हयात आहेत, ते विभागाच्या वार्षिकाचा हा अंक वाचतात. त्या दिवशी आपांची समज चुकली नव्हती. ती तपासलीच गेली नव्हती. मी खोटं बोललो होतो.