साबणातल्या सासूबाई

गेल्या जानेवारीत सलग तीन दिवस मी माझ्या सासूबाईंवर संशय घेतला. तोही आंघोळीच्या बाबतीत.

सासूबाई जवळच्या वडपे गावच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे भिवंडीत राहायला आल्या होत्या. सर्दी-खोकला झाला तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काय, मी कंबर कसली. नवऱ्याने पूर्णा गावातल्या गोदामातून आणलेलं फुग्याफुग्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक घेतलं आणि घरातली प्रत्येक फट चिकटपट्टी लावून बुजवली. झुळूक आत शिरायची तर माझी परवानगी काढूनच!

पहिल्या सकाळी सासूबाई न्हायला गेल्या आणि पाचेक मिनिटांत हाक आली. गॅसचा गिझर विझला होता. त्या जुनं लुगडं गुंडाळून, डोक्याला साबण अशा दारात उभ्या. मी आत जाऊन नळ सोडला. भप्पकन निळी ज्योत. दोन-तीन मिनिटं उभी राहून पाहिलं, एकदाही विझली नाही. दार लावून त्या पुन्हा बसल्या, की पुन्हा हाक.

मी शक्य तितक्या गोड आवाजात सुचवलं की आई, गिझरच्या बटणांना हात लावू नका.

"मी कशाला हात लावीन? माझे दोन्ही हात साबनात हाईत."

शेवटी गॅसवर पातेलं तापवून ती आंघोळ उरकली.

नवरा म्हणाला, मेकॅनिकला बोलाव. मी नकार दिला. मी शाळेत विज्ञान शिकवते, घरातलं उपकरण दुसऱ्याने उघडलं तर माझी काय शोभा? दुसऱ्या दिवशी गिझरचे दोन मोठे सेल बदलले. दार उघडं ठेवून तपासलं, झकास. सासूबाई आत गेल्या, विझला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपातली जाळी काढून धुतली. चिमूटभर रेती निघाली, ती मी वाटीत घालून नवऱ्याला दाखवली. मी तपासलं, झकास. सासूबाई आत गेल्या, विझला.

आता पुरावा स्पष्ट होता. माझ्यासमोर चालतो, त्यांच्यासमोर विझतो. मी नवऱ्याला हळूच सांगितलं की आईंना दिसत नाही नीट, काहीतरी फिरवत असणार. (हळूच म्हणजे सासूबाईंना ऐकू जाईल इतकंच. डोळे अधू असले तरी त्यांचे कान शाबूत होते.) चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज पयली तू न्हा."

मी ऐटीत आत गेले, दार लावलं, डोक्याला शाम्पू चोळला. आणि गिझर विझला. थंडगार पाणी डोक्यावर पडलं तेव्हा बाहेरून कोणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

शेवटी मेकॅनिकला बोलावलंच, आणि दुपारी आसिफभाई आले. त्यांनी गिझरला हातही लावला नाही. फक्त वर पाहिलं. बाथरूमच्या खिडकीवर माझं फुग्यांचं प्लास्टिक कडेकोट बसलं होतं.

"भाभी, ये किसने बंद किया?"

मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. मग त्यांनी समजावलं. खोलीतली हवा कमी झाली की गिझर आपणहून बंद होतो, आत तशी सोय असते. बंद झाला नसता तर कोंडलेल्या हवेत विषारी वायू साचला असता. त्याला वास नाही. माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो.

मी उलट्या बादलीवर बसून रडू लागले. जळायला हवा लागते, हे मी दरवर्षी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घालून अख्ख्या वर्गाला दाखवते. इथे मी ग्लासात सासूबाईंना घातलं होतं.

सासूबाई जवळ आल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "न्हाय झाला ना काय? मंग रडते कशाला?"

खिडकी त्याच क्षणी मोकळी झाली. आठवड्याभरात गिझर बाहेर गॅलरीत गेला. ऑपरेशनही ठरल्या दिवशी छान पार पडलं.

त्या दुपारी निघताना आसिफभाईंनी कामाची चिठ्ठी भरली. काय बिघडलं होतं, त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मशीन ओके. कस्टमर को समझाया.'

खाली ग्राहकाची सही लागते. मी निमूटपणे केली.