राक्षसाला विचारणारी राणी

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या काकांविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही; चुकलं तर माफ करा.

ते पेडण्यात सायकली दुरुस्त करतात आणि दशावतारी नाटकात राणी होतात. हातात पाना असला तरी बोलताना त्यांची बोटं राणीसारखी वळतात.

एकदा मी त्यांना व्हिडिओवर सुपरहिरोचा सिनेमा दाखवला. नायिका सारखी किंचाळत होती.

"बाबू, ह्या बायेक दुसरां वाक्यच नाय? आणि तो दुष्ट शहर कित्याक मोडता, तां कोणच विचारीना!"

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. पुढच्या प्रयोगात राक्षस राणीला पळवू लागला, तेव्हा किंचाळण्याऐवजी त्यांनी त्याचा हात धरला. "दैत्या, मला का नेतोस? तुला हवं तरी काय?" राक्षस गडबडला, मग मन मोकळं करून बोलतच राहिला.

नाटक लांबलं म्हणून नाटक कंपनीच्या मालकाने त्यांना काढून टाकलं. महिनाभर ते दुकानात नुसती चाकं फिरवत होते. बोटं सरळच राहायची.

परवा मी तिथे असतानाच मालकाचा माणूस बोलवायला आला. राक्षस करणारा नट अडून बसला होता: "माका विचारणारी राणी नसली, तर मी तोंडाक रंग लावूचंय नाय."